परसातली भाजी आणि मातीतले धातू

(सिडनी येथे मंडळाच्या ज्येष्ठांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आधी एक खुलासा करते. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकले आणि इथे आल्यावर नोकरीची बरीच वर्षं माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली. त्यामुळे कुठल्याही पार्टीत लोक मला "आमच्या लिंबाची पानं पिवळी का पडतात?" एवढंच विचारतात. आज कार्यकारिणीने पाऊण तास दिला आहे, तेव्हा तुम्ही न विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर देणार आहे. ज्या मातीत आपण मेथी, कोथिंबीर आणि मुळा लावतो, त्या मातीत आणखी काय काय आहे?

आपल्यापैकी ज्यांच्याकडे बॅकयार्ड आहे त्या जवळजवळ प्रत्येकाकडे भाजीचा एक तरी वाफा आहे. अळू आहे, मिरची आहे, मांडवावर दुधी आहे. कढीपत्त्याच्या रोपाची तर इथे हुंड्यासारखी देवाणघेवाण चालते. आणि सगळ्यांच्या मनात एक गणित पक्कं बसलेलं असतं: दुकानातलं ते फवारलेलं, घरचं ते शुद्ध. या गणिताचा दुसरा भाग आज जरा तपासून पाहू. मला कुणाची बाग बंद करायची नाही, हे आधीच सांगून ठेवते. भाषण संपल्यावर घरी जाऊन कुणी मेथी उपटू नका!

जड धातू म्हणजे कोण?

शिसं, कॅडमियम, पारा, तांबं, जस्त, निकेल, क्रोमियम ही त्यातली मुख्य मंडळी. आर्सेनिक, म्हणजे आपला जुना सोमल, हा खरं तर पक्का धातू नाही, पण त्याचे गुण पाहून त्यालाही याच पंक्तीला बसवतात. या सगळ्यांचा एक समान स्वभाव असा की ते नष्ट होत नाहीत. कीटकनाशकाचा रेणू उन्हाने, जंतूंनी कधी ना कधी मोडतो. शिसं हे मूलद्रव्य आहे, ते मोडून काय होणार? ते मातीत पडलं की पिढ्यान् पिढ्या तिथेच बसतं. म्हणून मातीतल्या धातूंचा विचार करायचा तर त्या जागेचा इतिहास पाहावा लागतो.

पण सगळेच धातू वाईट नाहीत. तांबं, जस्त, लोह, मँगेनीज ही झाडांची गरज आहे. आणि गंमत अशी की हे जगाला शिकवण्यात ऑस्ट्रेलियाचा मोठा वाटा आहे. इथली जमीन फार जुनी, कोट्यवधी वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेली. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मेंढ्या हिरव्यागार कुरणात चरत असूनही खंगून मरायच्या. त्याला 'कोस्ट डिसीज' म्हणत. १९३० च्या दशकात ॲडलेडमध्ये हेडली मार्स्टन आणि त्यांचे सहकारी, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एरिक अंडरवुड, यांनी अशा खंगण्याचं मूळ शोधलं. गवतात कोबाल्ट नव्हता, आणि त्या किनाऱ्यावर तर तांबंही कमी होतं. मेंढीच्या पोटातले जंतू कोबाल्ट वापरून जीवनसत्त्व ब-१२ तयार करतात, हे पुढे कळलं.

दुसरी गोष्ट 'नाइन्टी माइल डेझर्ट'ची. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या सीमेजवळचा हा पट्टा. पाऊस बरा, पण खुरट्या झुडपांपलीकडे काही येत नसे, म्हणून नाव पडलं वाळवंट. १९४० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवलं की तिथे तांबं आणि जस्त नाही. सुपरफॉस्फेटबरोबर एकरी काही पौंड मोरचूद आणि झिंक सल्फेट टाकल्यावर तिथे ल्युसर्न डोलू लागलं. १९४९ पासून एएमपी या विमा कंपनीने तिथली प्रचंड जमीन लागवडीखाली आणली, आणि 'वाळवंट' जाऊन 'कूनालपिन डाउन्स' असं सभ्य नाव आलं.

खताच्या पोत्यातून आलेला पाहुणा

आता याच कहाणीची दुसरी बाजू. या देशाची शेती उभी राहिली सुपरफॉस्फेटवर. त्यासाठी लागणारा दगड अनेक दशकं नाउरू, ओशन आयलंड आणि ख्रिसमस आयलंड या बेटांवरून येत असे. त्या दगडात स्फुरदाबरोबर कॅडमियमही होतं. शेतकऱ्याने टाकलं स्फुरद, जमिनीत साठत गेलं कॅडमियम. दर वर्षी चिमूटभरच, पण पन्नास-साठ वर्षांची चिमूट!

१९९० च्या दशकात ॲडलेडच्या सीएसआयआरओमध्ये माइक मॅकलॉक्लिन आणि सहकाऱ्यांनी बटाट्यांचा अभ्यास केला तेव्हा एक नवलाची गोष्ट पुढे आली. बटाट्यात कॅडमियम किती येतं हे मातीत ते किती आहे यावर जेवढं अवलंबून, त्याहून जास्त पाणी किती खारट यावर. पाण्यातला क्लोराइड कॅडमियमला मातीच्या कणांपासून सोडवतो आणि विरघळलेल्या रूपात मुळाशी आणून सोडतो. म्हणजे दोन शेतांत कॅडमियम सारखंच, पण एकाची विहीर मचूळ, तर त्याचा बटाटा जास्त दूषित. केवळ माती तपासून हे कळलं नसतं. क्वीन्सलँडच्या हलक्या, आम्लधर्मी जमिनीतल्या भुईमुगाचाही असाच अभ्यास झाला. शेंगदाणा हा कॅडमियम उचलण्यात पटाईत आहे.

इथल्या यंत्रणेने हे गंभीरपणे घेतलं. कमी कॅडमियमचा दगड आणायला सुरुवात झाली, खतांवर मर्यादा आल्या, आणि अन्नातल्या कॅडमियमची कमाल पातळी ठरली. पालेभाज्या, कंदमुळं, गहू आणि तांदूळ यांसाठी ती किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. पुढच्या वेळी बनिंग्जमध्ये खताची पिशवी घ्याल तेव्हा मागचा बारीक मजकूर वाचा. फॉस्फेट खतांवर कॅडमियमबद्दलची सूचना सापडेल.

झाडाच्या आत काय होतं?

झाडाच्या मुळाला दारं असतात. जस्तासाठी, लोहासाठी, कॅल्शियमसाठी ठरावीक वाहक प्रथिनं असतात. कॅडमियमचा आकार आणि विद्युतभार यांच्याशी मिळताजुळता, त्यामुळे ते दुसऱ्याच्या पासावर आत शिरतं. भात तर मँगेनीज आत घेण्याच्या दारातूनच कॅडमियम उचलतो. आत आल्यावर ते विकरांमधल्या गंधकाला चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. मुळं आखूड आणि तपकिरी होतात. पाणी आणि इतर अन्नद्रव्यं कमी शोषली जातात. पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, कारण हरितद्रव्य नीट तयार होत नाही.

झाडही गप्प बसत नाही बरं का. ते ग्लुटाथायॉनपासून 'फायटोकेलेटिन' नावाच्या छोट्या साखळ्या तयार करतं, त्यांनी धातूला बांधतं आणि पेशीतल्या कोठीत कोंडून ठेवतं. आपण उपद्रवी सामान माळ्यावर टाकतो तसं. पण या साखळ्या बनवायला गंधक, नत्र आणि शक्ती खर्च होते, ती वाढीतून वजा होते. म्हणजे धातूने झाड मेलं नाही तरी पीक कमी येतं, आणि दाण्यातलं जस्त-लोहही घटू शकतं.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले रूफस चेनी यांनी १९८० च्या सुमारास एक सोपी मांडणी केली. ती लक्षात ठेवली तर बाकीचं विसरलात तरी चालेल. त्यांच्या मांडणीवरून मी तीन गट सांगते.

पहिला गट जस्त, तांबं आणि निकेल यांचा. हे जास्त झाले तर आधी झाडच आजारी पडतं, पीक येत नाही, त्यामुळे माणूस वाचतो.

दुसरा गट शिसं आणि क्रोमियम यांचा. हे मातीला किंवा मुळालाच इतके घट्ट चिकटतात की वर फळापर्यंत फारसे पोचत नाहीत. यांचा धोका झाडातून कमी आणि मातीतून जास्त. म्हणजे पानावर उडालेली धूळ, मुळ्याला चिकटलेली माती, रांगणाऱ्या बाळाचे हात.

तिसरा गट कॅडमियमचा. झाड टवटवीत दिसतं, पालक हिरवागार असतो, आणि तरी त्यात माणसाला नको इतकं कॅडमियम असू शकतं. पाहून कळत नाही, चवीला कळत नाही. "आमची भाजी बघा किती छान आलीय" हा पुरावा इथे उपयोगी पडत नाही, तो या गटामुळे.

माणसाचं काय?

कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि त्यातलं निम्मं निघायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमध्ये तोयामा भागात जिन्झू नदीकाठी खाणीचं पाणी भातशेतीत शिरलं, आणि लोकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या रोगाचं नावच पडलं 'इताइ-इताइ', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय'. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. सर्वांत जास्त हाल झाले ते अनेक बाळंतपणं झालेल्या, उतारवयातल्या बायकांचे.

हे इथे का सांगते? शरीरात लोह कमी असेल तर आतडं कॅडमियम आणि शिसं जास्त शोषतं. तेच दार, तोच पास! आपल्या बायकांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण किती आहे हे मी सांगायला नको. शाकाहारी जेवण, वर जेवणाबरोबर चहा, त्यामुळे लोह आणखी कमी शोषलं जातं. तेव्हा एकाच वाफ्यातली एकच पालेभाजी घरातल्या दोघांना सारखी बाधेल असं नाही. ताटातलं लोह, जस्त आणि कॅल्शियम नीट असणं हाही धातूंपासून बचावच आहे.

शेतातही हाच न्याय. दक्षिण ऑस्ट्रेलियात जस्त कमी असलेल्या जमिनीत गव्हाला पेरताना थोडं जस्त दिलं, तर दाण्यातलं कॅडमियम निम्म्यापर्यंत कमी झालं, असं १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आपल्या महाराष्ट्रातही जस्ताची कमतरता असलेल्या जमिनी पुष्कळ आहेत, तेव्हा हा धडा तिकडेही घेण्यासारखा आहे.

सिडनीची वळचण

आता आपल्या घराकडे येऊ. मॅक्वारी विद्यापीठाने २०१३ मध्ये 'व्हेजसेफ' नावाचा उपक्रम सुरू केला. लोकांनी आपल्या बागेतली माती पाकिटात घालून पाठवायची, विद्यापीठाने क्ष-किरण उपकरणाने तपासून कळवायचं. पहिल्या तीन वर्षांत बाराशेहून अधिक घरांतून बावन्नशेहून अधिक नमुने आले. निवासी बागेसाठी शिशाची ऑस्ट्रेलियन मार्गदर्शक मर्यादा किलोमागे ३०० मिलिग्रॅम आहे. सिडनीतल्या ४० टक्के घरांत कुठे ना कुठे ती ओलांडलेली होती. १५ टक्के घरांत आकडा हजाराच्या वर होता. शहराच्या मध्यापासून तीस-चाळीस किलोमीटर दूर गेलं की तो वीस-तीसवर येतो, म्हणजे नैसर्गिक पातळीवर.

घरातली कुठली जागा सर्वांत वाईट? पुढच्या अंगणात सरासरी ४१३, मागच्या अंगणात २२६, भाजीच्या वाफ्यात ३०१, आणि घराच्या भिंतीलगत, जिथे छपराचं पाणी पडतं तिथे, ७०७. आपल्याकडे याला फार सुंदर शब्द आहे, वळचण. पागोळ्यांची रेघ जिथे उमटते ती जागा.

वळचणीला शिसं आलं कुठून? मुख्यतः जुन्या रंगातून. पूर्वी पांढऱ्या तेलरंगात वजनाच्या निम्म्यापर्यंत शिसं असे. ब्रिस्बेनचे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच लिहून ठेवलं होतं की मुलांना होणारी शिशाची विषबाधा घराच्या व्हरांड्यांच्या रंगवलेल्या कठड्यांमुळे होते. क्वीन्सलँडने १९२२ मध्ये कायदाही केला. पण देशभरात रंगातल्या शिशाची मर्यादा ०.१ टक्क्यावर यायला १९९७ साल उजाडलं! मध्ये घरं रंगवली गेली, खरवडली गेली, आणि ती पूड वळचणीला पडली. दुसरा उगम पेट्रोल. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००२ मध्ये बंदी येईपर्यंत इथल्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. मोठ्या रस्त्यालगतच्या मातीत ते आजही आहे. शिवाय जिथे धातू गाळण्याचे कारखाने होते ती गावं. पोर्ट पिरीत १८८९ पासून शिसं गाळलं जातं आहे. न्यूकॅसलजवळच्या बुलारूचा कारखाना १८९७ ते २००३ चालला. सिडनी विद्यापीठाच्या कचेन्को आणि बलवंत सिंग यांनी तिथल्या परसातल्या भाज्या तपासल्या. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की शिसं आणि कॅडमियम अन्नाच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या भाज्या तिथे होत्या.

आपल्यातल्याच एका कुटुंबाचं उदाहरण सांगते, नाव नको. इनर वेस्टमध्ये शंभर वर्षांचं जुनं घर घेतलं. साताऱ्याहून वडील आले. इथे ना भाषा, ना मित्र. त्यांनी मागच्या भिंतीलगत वाफा केला. उत्तरेकडची भिंत, दिवसभर ऊन, कुणीही तीच जागा निवडली असती. मेथी, मुळा, अळू असं सगळं आलं. नातू वर्षाचा झाला, वाफ्यात रांगायला लागला, तेव्हा सुनेने माती तपासायला पाठवली. भिंतीलगत १६००, आवाराच्या मध्यावर १९०. सून म्हणाली, बाग बंद. सासरे काही बोलले नाहीत, पण जेवायला यायचे बंद झाले. मुलगा माझ्याकडे कागद घेऊन आला. चेहरा असा की जणू आकडा वडिलांच्या नावावर लिहिला होता.

मी दोन्ही बाजूंना एकच सांगितलं. हे शिसं आजोबांनी आणलेलं नाही, ते तिथे त्यांच्या जन्माआधीपासून आहे. आणि सुनेचं भय खोटं नाही, कारण लहान मुलाच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. आधी जीपीकडे जाऊन बाळाचं रक्त तपासा. इथल्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेने २०१५ मध्ये सांगितलं आहे की डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला तर उगम शोधून तो कमी करायचा. बाळाचा आकडा सुदैवाने खाली निघाला. मग आवाराच्या मध्यावर उंच वाफे बांधले, तळाशी जाड कापड, वर विकतची स्वच्छ माती. भिंतीलगत हिरवळ आणि झुडपं लावून माती झाकून टाकली. आजोबा दुप्पट वाफे मागून बसले, हा भाग वेगळा!

आपल्या सवयी, आपली भाजी

आता कामाच्या गोष्टी भराभर सांगते.

पहिली, घराचा इतिहास विचारा. १९७० पूर्वीचं घर, मोठा रस्ता, जुनी फळबाग (तिथे लेड आर्सेनेट फवारत असत), जुना कारखाना. उत्तर न्यू साऊथ वेल्समध्ये गुरांना गोचीड मारण्यासाठी आर्सेनिकच्या पाण्यात बुडवण्याचे हौद असत, अशा जागा सोळाशेच्या आसपास आहेत. यातलं काही असेल तर माती तपासल्याशिवाय भाजी लावू नका. नमुना एका जागेचा नको. वळचण, पुढचं अंगण, मागचं अंगण आणि वाफा यांची माती वेगवेगळी पाठवा.

दुसरी, वाफ्याला लाकूड कुठलं वापरता ते बघा. जुनं, रंगवलेलं लाकूड नको. हिरवट दिसणारं जुनं ट्रीटेड पाइनही नको, त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं. २००६ पासून खेळाची साधनं, डेक वगैरेंसाठी त्याचा वापर बंद केला आहे, पण जुने तुकडे अजून गराजमध्ये सापडतात. ते जाळू तर मुळीच नका, राख भयंकर असते.

तिसरी, मातीचा सामू साडेसहा ते सातच्या दरम्यान ठेवा, गरज असेल तर चुना घाला. आम्लधर्मी मातीत कॅडमियम मोकळं होतं. कंपोस्ट भरपूर घाला, ते धातूंना धरून ठेवतं. एक पेच मात्र लक्षात ठेवा: स्फुरद शिशाला घट्ट बांधतं, पण आर्सेनिकला मोकळं करतं. म्हणून तपासणी आधी, उपाय नंतर.

चौथी, पीक निवडा. शंकास्पद मातीत टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, दुधी, घेवडा त्यातल्या त्यात बरे. पालेभाज्या आणि मुळा, गाजर, बटाटा उंच वाफ्यात लावा. भाजी धुताना पहिलं पाणी फेका, मग पुन्हा दोनदा धुवा. कोथिंबीर मुळासकट पाण्यात बुचकळून काढण्याची आपल्या आजीची पद्धत अगदी शास्त्रीय आहे. मुळा सोलून घ्या.

पाचवी, कोंबड्या. मॅक्वारी विद्यापीठाने २०२२ मध्ये सिडनीतल्या घरगुती कोंबड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परसातल्या अंड्यांत दुकानातल्यापेक्षा सरासरी चाळीसपट शिसं निघालं. कोंबडी दिवसभर मातीच टोचते, काय करणार बिचारी! त्या संशोधकांच्या मते कोंबड्या पाळायच्या तर मातीतलं शिसं किलोमागे ११७ मिलिग्रॅमच्या खाली हवं, म्हणजे बागेच्या मर्यादेपेक्षा बरंच कमी.

सहावी, चपला दाराबाहेर काढा. आपली ही सवय इथे आल्यावर काही घरांत सुटते. सोडू नका. बागेतली माती घरात येते ती पायांनीच.

तिकडचंही थोडं

नाशिक-सांगलीकडे ज्यांची द्राक्षं आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी प्रसिद्ध केलं. भुरी-केवड्यातल्या केवड्यावर ते रामबाण. पण फवारलेलं तांबं शेवटी जमिनीत उतरतं आणि वरच्या थरात साठतं. जगभरच्या, ऑस्ट्रेलियातल्यासुद्धा, जुन्या द्राक्षबागांत हे दिसलं आहे. त्याने गांडुळं कमी होतात, बाग काढून दुसरं पीक लावलं तर कोवळी मुळं खुंटतात. आपली काळी माती विम्लधर्मी आणि चिकण असल्याने धातूंना धरून ठेवते, ही जमेची बाजू. मात्र कारखान्याच्या सांडपाण्यावर किंवा शहराच्या नाल्यावर वाढवलेल्या पालेभाजीला काळी माती किती दिवस वाचवणार? तिकडे जाल तेव्हा भाजी कुठल्या पाण्यावरची, एवढं तरी विचारत चला.

श्रोत्यांचे प्रश्न

*"ताई, मग दुकानातली भाजी जास्त सुरक्षित का?"*
सरसकट नाही आणि उलटही नाही. व्यावसायिक शेती बहुधा शहरी शिशापासून दूर असते आणि अन्नाला मर्यादा लागू आहेत. पण ताजेपणा, व्यायाम आणि आनंद घरच्या बागेत आहे. स्वच्छ मातीत लावलेली घरची भाजी उत्तमच.

*"सूर्यफूल लावलं की माती स्वच्छ होते म्हणतात, खरं आहे का?"*
काही झाडं धातू ओढून घेतात हे खरं. न्यूझीलंडच्या रॉबर्ट ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये अशा झाडांना 'हायपरॲक्युम्युलेटर' नाव दिलं. न्यू कॅलेडोनियात एक झाड आहे, त्याचा चीक निळा-हिरवा असतो, कारण वाळवल्यावर त्यात पंचवीस टक्क्यांपर्यंत निकेल निघतं! आपल्या मोहरीवरही खूप प्रयोग झाले आहेत. पण परसातलं शिसं असं काढायचं तर कित्येक दशकं लागतील, आणि ती झाडं कंपोस्टमध्येही टाकता येणार नाहीत. उंच वाफा एका शनिवारी होतो.

*"छपराचं पाणी टाकीत साठवून बागेला घालतो, चालेल?"*
छपरावर जुना रंग किंवा शिशाचे पत्रे नसतील तर सहसा चालतं. नवं गॅल्व्हनाइज्ड छप्पर असेल तर पाण्यात जस्त येतं. पानं पिवळी पडू लागली तर तिकडेही बघा. आणि हो, लिंबाची पानं पिवळी पडण्याचं हे एक कारण असू शकतं, म्हणजे तो प्रश्नही सुटला!

*"माझं वय ७८. आता मला काय फरक पडणार?"*
काका, तुम्हाला कदाचित फार नाही. पण वाफ्यात तुमच्याबरोबर कोण बसतं? माती तपासा ती त्याच्यासाठी.

मंडळी, वेळ संपली. दिवाळी इथे वसंतात येते, म्हणजे बी पेरायचे हेच दिवस. या वर्षी पेरण्याआधी चार पाकिटं माती तेवढी तपासायला पाठवा. सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा!